कोजागिरीचा पुदिना शेक : कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका गच्चीवरच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

कोजागिरी ६ ऑक्टोबरला. हातात तीन आठवडे आहेत. आजपासून ही वही.

कारण आधी लिहून ठेवते. थोरलीला काजू-पिस्ता बाधतो. चौथीत असताना कळलं, आता ती आठवीत आहे. डॉक्टरांनी काजू, पिस्ता, बदाम, अक्रोड सगळंच बंद केलंय. चारोळीसुद्धा, कारण ती काजू-पिस्त्याच्याच कुळातली. म्हणजे मसाला दूध म्हणून आपण जे ओळखतो, ते तिच्यासाठी नाहीच. गेल्या वर्षी एका ओळखीच्या गच्चीवर "गाळून दिलंय, काही होत नाही" म्हणत तिच्या हातात अर्धा पेला दिला गेला. मी दुसऱ्या टोकाला सतरंज्या घालत होते. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि रात्री साडेबाराला आम्ही दवाखान्यात. गाळलं की तुकडे निघतात, पण बाधणारं प्रथिन दुधात उतरलेलं असतं, ते गाळणीत अडकत नाही. हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि ही घरातली थोरली. कोजागिरीला आश्विनी तिची. ओवाळायचं तिला, नवा ड्रेस तिला, आणि दुधाची वेळ झाली की तीच खाली जाऊन टीव्हीसमोर बसणार. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

तिला विचारलं, तुला काय आवडेल? म्हणाली, "पुदिन्याचं काहीतरी. थंड. हिरवं. वर फेस पाहिजे." ऑक्टोबरात उकडतंच, थंड चालेल. पुदिन्याचा मिल्कशेक ठरला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहिला प्रयोग. ऑफिसातून येताना कपिलतीर्थ मंडईतून दहा रुपयांची जुडी आणली. अर्धा लिटर दूध, चार चमचे साखर, जुडीतली पानं कोवळ्या देठांसकट आणि सात-आठ बर्फाचे खडे, सगळं एकदमच मिक्सरला लावलं.

पाच मिनिटं रंग असा सुंदर होता की थोरली टाळ्या पिटत होती. वीस मिनिटांनी ग्लासातला शेक रंकाळ्याच्या काठच्या शेवाळासारखा दिसायला लागला. चवीला गवत. घोट गिळला की घशाशी कडवटपणा राहतो, दातात दोरे अडकतात. आणि पातळ, कारण बर्फाचं पाणी झालं.

पान फाटलं की कापलेल्या वांग्यासारखं हवेत काळं पडतं. पात्यांनी सगळं पान चिंधडून टाकलं, देठांचा कडूपणा त्यात आला. चुका तीन: देठ, पाती, बर्फ. एकेक करून सोडवायच्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज पानं वाटलीच नाहीत, चहाला गवती चहा मुरवतो तशी दुधात मुरवली.

दूध गंगावेशीतल्या कट्ट्यावरून आणलं. आपल्यासमोर म्हशीची धार काढतात, लोक तिथंच उभ्या उभ्या धारोष्ण दूध पितात. मी चरवी घेऊन गेले होते. घरी आणून दूध तापवलं, एक उकळी येऊ दिली, खाली उतरवून दहा मिनिटं थांबले आणि मग निवडलेली पानं टाकून झाकण ठेवलं. उकळत्या दुधात टाकली तर पालेभाजीचा वास येतो, ते चहाच्या कपात आधीच करून पाहिलं होतं.

तीन वाट्या केल्या. दहा मिनिटांची वाटी फिकी. चाळीस मिनिटांची कडवट. वीस मिनिटांची मात्र अशी की सासूबाई वाटी नाकाशी धरून बसल्या. पुदिन्याचा सुगंध तेलाचा आहे आणि तेल स्निग्धात उतरतं, म्हणून म्हशीचं दूध इथं उपयोगी पडतं. हाच प्रयोग पिशवीतल्या कमी फॅटच्या दुधावर केला तर निम्माही वास आला नाही.

अडचण एकच. थोरलीनं बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, वास हिरवा आहे, पण रंग पांढराच की."

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. दिवसभर स्वयंपाक, प्रयोगाला वेळ नाही. जुडीतल्या उरलेल्या चार काड्या पाण्याच्या बाटलीत ठेवल्यात, मुळं फुटतात का बघायचं.

२४ सप्टेंबर, बुधवार

शेजारचे वस्ताद आज संध्याकाळी आले होते. सत्तरीच्या पुढं वय, अजून तालमीत जातात, अजून स्वतःची थंडाई स्वतः घोटतात. त्यांना सगळं सांगितलं. माझी वाटी त्यांनी चाखली आणि खळखळून हसले.

"पोरी, पानाच्या पोटात काय न्हाई. सुवास हाय तो पानाच्या अंगावर. त्येला मारायचं न्हाई, नुसतं चोळायचं."

मी नंतर पान उन्हात धरून बघितलं. खालच्या बाजूला बारीक ठिपके चमकतात. पुदिन्याचं तेल खरंच पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठलेलं असतं. त्या फुटल्या की काम झालं, पान चिंधडायची गरजच नाही. मिक्सर नेमकी नको ती गोष्ट करत होता.

वस्तादांची रीत अशी: कोरडी, पुसून घेतलेली पानं आणि खडीसाखरेचे बारीक खडे थंडाई घोटायच्या दगडी कुंडीत घ्यायचे. दांडा आपटायचा नाही, कडेकडेनं गोल फिरवायचा, अंगाचा भार न देता. साखरेच्या कडा पानाला घासतात, साखर हळूहळू ओली होते, मग हिरवट होते. ती चिकटसर झाली आणि पान अजून अख्खं ओळखू येतंय, तिथं थांबायचं. मी पुढं रेटत होते, तर त्यांनी माझं मनगट धरून थांबवलं.

मग मला एकदम आठवलं की ही त्यांची कुंडी. चाळीस वर्षं हिच्यात बदाम-पिस्ता घोटलाय. दगडाच्या पोटात तेल मुरलेलं असणार. मी जरा भीतच सांगितलं, कारण वस्तादांना त्या कुंडीचा अभिमान फार. ते गप्प झाले. कुंडी उचलली, तिच्यातलं सगळं मोरीत ओतलं आणि म्हणाले, "मग ही न्हाई चालायची."

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सात वाजता वस्ताद दारात, खांद्यावर नवा काळा दगडी खल. कुठून आणला ते सांगेनात, पैसेही घेईनात. नव्या दगडाची कच निघते म्हणून त्यांनीच बसून भरड तांदूळ तीनदा वाटून टाकला. पहिल्यांदा पीठ करडं निघालं, दुसऱ्यांदा मळकट, तिसऱ्यांदा पांढरं. खलाला आता थोरलीनं लाल दोरा बांधलाय. यात दुसरं काही पडायचं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

काल एकीनं सुचवलं होतं, काष्ठौषधीच्या दुकानात पुदिन्याचं फूल मिळतं, त्यानं खरा गारवा येतो. आणलं. ओव्याचं फूल आणि कापराबरोबर मिसळून अमृतधारा करतात, तेच हे. मोहरीएवढा खडा लिटरभर दुधात विरघळवला. डोकेदुखीच्या बामाचा वास आला, डोळ्यांतून पाणी. सगळं ओतून दिलं. औषधाची वस्तू आहे, पोरांच्या पेल्यात तिचं काम नाही.

पण यातून थोरलीचा प्रश्न निघाला: पुदिना दुधाला गार करतो म्हणजे नक्की काय करतो? मग दोघींनी बसून वाचलं. पुदिन्याच्या फुलात असतं ते मेंथॉल. जिभेवरच्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारं एक प्रथिन असतं, टीआरपीएम८ नावाचं. खरी थंडी लागली की ते जागं होतं, आणि मेंथॉल लागलं तरी तसंच जागं होतं. दूध कोमटच असतं, मेंदूला मात्र निरोप जातो की थंड आहे. हे प्रथिन शोधणाऱ्यांत डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन होते, आणि उष्णता-स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांच्या कामासाठी २०२१ चं नोबेल दोघांना मिळालं. आपल्या मंडईत येणारा पुदिना मात्र बहुतेक स्पिअरमिंटच्या जातीचा. त्यात मेंथॉल नाममात्र, सुगंध येतो तो कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. म्हणून आपली चटणी खाऊन जीभ बधिर होत नाही. पेपरमिंटच्या गोळीतला गारवा वेगळ्या जातीचा.

म्हणजे आपल्या पुदिन्याचा वास घ्यायचा आणि गारवा फ्रीजरचा.

२८ सप्टेंबर, रविवार

आज दोन गोष्टी झाल्या.

पहिली, लोणी. फेस यावा म्हणून सायीसकट दूध मिक्सरमध्ये सलग तीन मिनिटं फिरवलं. झाकण काढलं तर वर फेस नाही, पांढरट कण तरंगतायत. सासूबाईंनी चमच्यानं एक कण उचलला. "अगं, लोणी काढलंस की." बरोबर, जरासं गार सायीचं दूध घुसळलं की दुसरं काय होणार. त्यांनी ते कण गोळा करून मीठ लावून ज्वारीच्या भाकरीवर घेतले, पुदिन्याचं लोणी फार छान लागलं. पण शेकसाठी धडा असा: साय आधी काढायची, दूध दात कळेल इतकं थंड हवं, आणि मिक्सर सलग नाही, पाच-पाच सेकंदांचे चार झटके. इतकंच.

दुसरी गोष्ट मोठी. गच्चीवर आम्ही अठराजण असतो. माझा बेत असा होता की सगळ्यांना नेहमीचं मसाला दूध आणि थोरलीला वेगळा शेक. ती आज सहज म्हणाली, "म्हणजे माझा ग्लास वेगळाच ना?" मी काही बोलले नाही, पण बोलण्यासारखं काही नव्हतंही.

संध्याकाळी गच्चीवर सगळ्यांना सांगितलं. मी अडखळत सुरुवात केली होती. वस्तादांनी मधेच हात वर केला. "पोरीला चालतंय त्येच समद्यांस्नी. यंदा गच्चीवर बदाम-पिस्ता आणायचा न्हाई." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी लगेच म्हणाल्या, माझा मिक्सर घ्या, दोन मिक्सर असले की लवकर होईल. त्यांना सांगावं लागलं की तो चालणार नाही. त्यांच्या पांढऱ्या रश्श्याचं काजू-खसखशीचं वाटण त्यातच होतं, आणि पात्याखालच्या रबरात वाटण राहतं, कितीही धुतलं तरी. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "मग बर्फाचं माझ्याकडं लागलं. माझा फ्रीजर रिकामा करून देते."

एकच भांडं. एकच चव. आता हे नीट जमलंच पाहिजे.

३० सप्टेंबर, मंगळवार

अष्टमी. रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा, महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नाही. मंडईकडं फिरकले नाही. बाटलीतल्या काड्यांना पांढरी मुळं आलीत, नखाएवढी.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं वाटून झाल्यावर दुपारी पहिल्यांदा पूर्ण शेक केला. रंग आणि घट्टपणा दोन्ही सुटले, म्हणून सविस्तर लिहिते.

रंगासाठी: वासाची पानं वेगळी आणि रंगाची पानं वेगळी. इतके दिवस मी एकाच पानाकडून दोन्ही कामं मागत होते. रंगाची पानं उकळत्या पाण्यात मोजून पंधरा सेकंद बुडवायची, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची. पान काळं पाडणारा जो गुण आहे तो त्या पंधरा सेकंदांत मरतो आणि हिरवा रंग टिकतो. वास थोडा जातो, जाऊ दे, तो दुसरीकडून येतोय. मग चार चमचे थंड दुधाबरोबर मिक्सरमध्ये अगदी बारीक करून मलमलीतून पिळून घ्यायची. सकाळी केलेला रस संध्याकाळी सहापर्यंत पोपटी राहिला. चिमूटभर खायचा सोडाही एकदा घालून बघितला होता. रंग भडक येतो, पण चव साबणाची. नको.

घट्टपणासाठी: पाण्याचा बर्फ पूर्ण बंद. दूध आटवून, साखर घालून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि तेच तुकडे शेकमध्ये फिरवायचे. विकतचं आइस्क्रीम घातलं असतं, पण डब्यांवर बारीक अक्षरांत सुकामेव्याचे अंश असू शकतात असं लिहिलेलं असतं, आणि ते अक्षर मी आता कधीच दुर्लक्षित करत नाही. शिवाय आटीव दूध म्हणजे कोजागिरीच. सासूबाईंना ही गोष्ट सगळ्यात आवडली. त्यांच्या मते दूध आटलं नाही तर ती कोजागिरी कसली.

एक निरीक्षण. रविवारी रात्री गोठवलेले तुकडे आज जिभेला रवाळ लागले, काल रात्रीचे मऊ. आटीव दुधात दुग्धशर्करा दाट होते आणि गोठलेल्या अवस्थेत राहिली की तिचे खडे धरतात. म्हणून तुकडे आदल्या रात्रीच करायचे.

४ ऑक्टोबर, शनिवार

मसाल्यांचा निकाल. वेलची पुदिन्याच्या डोक्यावर बसते, बंद. केशराचा वास हरवतो, फुकट जातं. जायफळ (डॉक्टरांना विचारून) अगदी किंचित, अर्ध्या चिमटीनं दुधाला कोजागिरीची ओळख येते. हे ठेवलं.

वर काय घालायचं हा प्रश्न होता, सणाचा पेला मोकळा दिसू नये. नवरात्राचा राजगिरा घरात होताच. तापलेल्या कढईत एकेक चमचा टाकला की पांढऱ्या लाह्या उडतात. घरीच फोडल्यामुळं मिसळीची भीती नाही. पेला हातात देताना वरून चमचाभर घालायच्या, आधी घातल्या तर भिजतात. धाकट्यानं नुसत्या लाह्याच निम्म्या संपवल्या, सोमवारी पुन्हा फोडाव्या लागणार.

साखरेचं एक. कोमट दूध चाखून साखर ठरवू नये. त्याच दुधाचा थंड घोट फिका लागतो. थंड करूनच चाखायचं.

अठरा-वीस पेल्यांचं माप ठरलं ते असं. म्हशीचं दूध पाच लिटर. त्यातलं तीन लिटर आटवून दोन लिटर करायचं, अडीचशे ग्रॅम साखर घालून. त्यातलं एक लिटर आदल्या रात्री ट्रेमध्ये गोठवायचं. उरलेल्या एक लिटरमध्ये, गरम असतानाच, दोन जुड्यांची पानं शंभर ग्रॅम खडीसाखरेबरोबर खलात चोळून टाकायची, वीस मिनिटं झाकायचं, गाळायचं, थंड करायचं. राहिलेलं दोन लिटर साधं दूध तापवून, साय काढून फ्रीजमध्ये. आणखी दोन जुड्यांचा हिरवा रस. एकूण चार जुड्या.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी (हे दुसऱ्या दिवशी पहाटे लिहितेय)

सुट्टी घेतली होती. दूध काल रात्रीच कट्ट्यावरून आणून आटवलं, तुकडे वहिनींच्या फ्रीजरमध्ये. पानं चोळायला आज वस्ताद स्वतः बसले, मला खलाला हात लावू दिला नाही.

दुपारी एक गोष्ट लक्षात आली आणि पोटात गोळा आला. दुधात चंद्र दिसला पाहिजे. शेकवर फेस असतो, फेसात चंद्र कुठला दिसणार? तीन आठवडे एवढा विचार केला आणि हे सुटलं होतं. सासूबाईंनी तोड काढली: शेक आधी करायचाच नाही. पुदिना मुरलेलं आणि साधं दूध एकत्र करून मोठ्या पातेल्यात गच्चीवर ठेवायचं, पातेलं बर्फ भरलेल्या परातीत. हिरवा रस आणि गोठवलेले तुकडे मागं ठेवायचे. चंद्राचं झालं की मिक्सर.

संध्याकाळी थोरलीची आश्विनी केली. पाटावर बसवून ओवाळलं, सासूबाईंनी, मग मी.

रात्री ढग येत-जात होते. साडेअकराला सगळे पातेल्याभोवती गोल करून उभे. मुलांनी बॅटऱ्या विझवल्या. बाराला पाच-सात मिनिटं असताना ढग सरकला आणि पातेल्यात तो उतरला, आधी लांबट, परातीला कुणाचा तरी धक्का लागून हलणारा, मग स्थिर झाला. दूध पांढरं, चंद्र पांढरा, मधे नुसती एक कड. कुणी बोललं नाही. पुदिन्याचा वास मात्र येत होता.

मग खालून वायर ओढून मिक्सर लावला. दूध, चार तुकडे, दोन चमचे रस, पाच सेकंदांचे चार झटके. पुन्हा तेच. पाच-सहा वेळा भांडं भरलं. रंग कोवळ्या पानाचा, फेस दोन बोटं.

पहिला पेला मी थोरलीच्या हातात दिला. तिनं तो घेतला, लाह्या घातल्या आणि वस्तादांना नेऊन दिला. दुसरा आजीला. तिसरा वहिनींना. सगळ्यांना तीच वाटत फिरली, एकेकाला विचारत, लाह्या घालू का? शेवटी स्वतःचा भरून माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली. प्यायच्या आधी सवयीनं माझ्याकडं बघितलं. घरात काही नवं खायचं असलं की ती असं बघते, चालेल का म्हणून. मी मान हलवली. तिनं एका दमात निम्मा पेला संपवला. ओठांवर फेसाची हिरवी मिशी.

औषधांचा डबा खिशात होता. उघडावा लागला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शेक अजिबात उरला नाही. साधारण अर्धा लिटर दूध शिल्लक, त्याचा सकाळी चहा झाला, घरभर पुदिना. दोघा-तिघांनी माप मागितलं, वरची नोंद उतरवून दिली. वस्तादांनी पुढच्या वेळी साखर थोडी वाढवायला सांगितली, थोरलीच्या मते आहे ती बरोबर. मी थोरलीच्या बाजूनं.

खल धुवून, वाळवून, फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. बाटलीतल्या काड्या गच्चीवरच्या तेलाच्या जुन्या डब्यात लावल्या. चारपैकी तीन ताठ आहेत.